हायलंड्समधल्या खेड्यात म्हाताऱ्या जीपीचा दिवस कसा जातो

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलगी ग्लासगोला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, व्हायचं ट्रेनिंग संपवतेय आणि आता स्कॉटलंडच्या वेस्ट कोस्टवरच्या कुठल्याशा खेड्यात, जिथले म्हातारे डॉक्टर रिटायर होतायत, तिथे त्यांच्या जागी जायचं म्हणतेय, आणि तुम्ही सांगलीत बसून विचारताय की तिथला डॉक्टर दिवसभर करतो तरी काय, हॉस्पिटल दोन तासांवर, बर्फ, अंधार, एकटी पोरगी. मीही मिरजेच्या मेडिकल कॉलेजचा. १९८०च्या दशकात इकडे आलो आणि जवळजवळ सगळी नोकरी हायलंड्सच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागाच्या, पश्चिम किनाऱ्यावर एकाच गावात केली, सत्तरी ओलांडली तरी आठवड्यातले थोडे दिवस अजून बसतो कारण जागा भरायला माणूस मिळत नाहीये. त्यामुळे उत्तर लांबेल, पण नीट सांगतो.

आधी अंतराचं सांगतो, कारण बाकी सगळं त्याच्याभोवती फिरतं. एनएचएस हायलंडचा, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या आमच्या विभागाचा, भाग साधारण ३२,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या एक दशांशाहून थोडा जास्तच, आणि त्यात माणसं किती तर सव्वातीन लाखांच्या आसपास, तुमच्या सांगली-मिरज-कुपवाडपेक्षा कमी. मोठं हॉस्पिटल एकच, इन्व्हरनेसचं रेगमोर. आमच्या गावातून तिथे जायला रस्ता चांगला असेल तर पावणेदोन तास. त्यामुळे पेशंट समोर बसला की याला काय झालंय हा विचार चालू असतानाच दुसरा विचार सुरू होतो, याला पाठवायचं का इथेच ठेवायचं. पाठवलं तर ॲम्ब्युलन्स चार तास गावाबाहेर, घरी मेंढ्या बघायला कोणी नाही, म्हातारी बायको एकटी. ठेवलं आणि रात्री बिघडलं तर? दिवसातून कितीतरी वेळा हाच हिशोब करावा लागतो, आणि तुमच्या मुलीचं खरं काम हेच असणार आहे.

आता दिवस. हिवाळ्यात उठायचं ते अंधारातच, डिसेंबरात उजाडायला नऊ वाजतात आणि साडेतीनला पुन्हा मावळतं. सकाळी चहाबरोबर पहिलं काम रस्ते बघणं, कुठला घाट बंद, कुठे बर्फ, फेरीबोट चालू का नाही. हे हौस म्हणून नाही, नर्स कुठपर्यंत पोचेल आणि आज कोणाला इन्व्हरनेसला पाठवता येईल हे त्याच्यावर ठरतं. ॲपलक्रॉसला जाणारा बेअलाख ना बा नावाचा घाट आहे, ६२६ मीटर उंच, हिवाळ्यात तो बंद झाला की किनाऱ्याने लांबचा वळसा, आणि तिकडच्या लोकांना ह्याचं काही विशेष वाटत नाही, तुमच्या मुलीलाही एकदोन हिवाळ्यांनंतर वाटणार नाही.

सर्जरी, म्हणजे आपल्याकडे आपण दवाखाना म्हणतो ते, साडेआठला उघडते. सकाळच्या अपॉइंटमेंट्समधे रक्त काढायचे पेशंट आधी घ्यायचे कारण सॅम्पल नेणारी व्हॅन दिवसातून एकदाच येते, आणि ती गेल्यावर काढलेलं रक्त रात्रभर पडून राहिलं तर पोटॅशियमचा रिपोर्ट भलताच येतो आणि मग बिनकामाची धावपळ. शहरात दहा मिनिटांची अपॉइंटमेंट असते, इथे पंधरा-वीस मिनिटं देता येतात, आणि ती लागतात कारण माणूस वीस मैलांवरून आला की एका फेरीत तीन कामं घेऊन येतो, गुडघा, बीपीच्या गोळ्या, आणि उठता उठता दाराशी हात ठेवून खरं काय ते सांगतो. छातीत दुखतंय हे मी दाराशीच जास्त वेळा ऐकलंय. ह्या लोकांची सवय आहे, ते दुखणं कमी करून सांगतात. "तसा बराय मी" असं म्हणणारा मेंढपाळ फासळ्या मोडलेल्या असताना स्वतः गाडी चालवत आलेला मी बघितलाय. म्हणून इथे तक्रारीच्या आवाजावरून काही ठरवायचं नाही, हा माणूस एरवी येत नाही आणि आज आलाय, एवढ्यावरच सावध व्हायचं.

ऋतूप्रमाणे आजार बदलतात. एप्रिल-मेमधे मेंढ्यांची वीण, म्हणजे क्रॉफ्टर लोक (क्रॉफ्ट म्हणजे छोटी शेतीवाडी, थोडी जमीन आणि डोंगरावर चराईचा सामायिक हक्क) रात्र रात्र जागलेले, आणि बाटलीने कोकरांना दूध पाजणाऱ्यांच्या बोटांवर ऑर्फ. हा मेंढ्यांकडून येणारा व्हायरस. बोटावर लालसर-निळा, मधे पांढुरका असा फुगवटा येतो, दिसायला इतका भयंकर की शहरातून आलेला नवा डॉक्टर चिरा देतो नाहीतर अँटिबायोटिक लिहितो. काहीही करायचं नाही, झाकून ठेवायचं, सहा आठवड्यांत आपोआप जातो. चिरलं तर उलट चिघळतं. हे पुस्तकात दोन ओळीत असतं, इथे दर वसंतात समोर येतं.

मग उन्हाळ्यात गोचीड. हरणं भरपूर, नेच्याचं रान कमरेएवढं, त्यामुळे गोचीड चावून होणारा लाइम डिसीज आमच्याकडे रोजचा. चावल्यावर साधारण तीन दिवस ते महिनाभरात कातडीवर लाल चट्टा उमटतो, हळूहळू पसरत जातो, कधी मधे फिका कधी सगळाच लाल. तो चट्टा दिसला की रक्ततपासणीची वाट बघायची नाही, तेव्हा रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, सरळ डॉक्सिसायक्लिन तीन आठवडे सुरू. मुलीला सांगा की कातडी नीट उजेडात बघायची, गुडघ्याची मागची बाजू, कंबरपट्ट्याची जागा, लहान मुलांत केसांच्या कडेला.

आमच्यासारख्या गावात जवळपास मेडिकल स्टोअर नसतं त्यामुळे औषधंही सर्जरीच देते. त्याला डिस्पेन्सिंग प्रॅक्टिस म्हणतात. स्कॉटलंडात प्रिस्क्रिप्शन २०११पासून फुकट आहे, हे फार मोठं काम झालं, पैशांमुळे गोळी टाळणारा माणूस मला त्यानंतर भेटला नाही. आणि औषधं आपल्याच खिडकीतून जातात म्हणून कळतं कोण न्यायला आला नाही. महिनाभराच्या गोळ्या पडून आहेत म्हणजे त्या घरी फोन करायचा. मोठ्या शहरात हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

अकराच्या सुमारास डिस्ट्रिक्ट नर्सबरोबर कॉफी. ह्या वीस मिनिटांना मी दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा वेळ मानतो, ताई. ती घरोघरी जाते, ड्रेसिंग करते, आणि तिला दिसतं की अमक्याच्या फ्रिजमधे काही नाहीये, तमकीच्या घरी दोन दिवस शेगडी पेटलेली नाही. तुमच्या मुलीने तिथे गेल्यावर पहिलं नातं जोडायचं ते नर्सशी आणि रिसेप्शनिस्टशी. रिसेप्शनवरची बाई फोनवरच्या आवाजावरून सांगते की डॉक्टर, ह्यांना आत्ता बघा, आणि तिचं ऐकायचं.

दुपारी व्हिजिट्स. सिंगल ट्रॅक रोड, एकच गाडी मावेल एवढा रस्ता, थोड्या थोड्या अंतरावर पासिंग प्लेस, म्हणजे गाडी बाजूला घ्यायची जागा, समोरून कोणी आलं की ज्याला जवळ असेल त्याने थांबायचं आणि हात वर करायचा. २०१५मधे इन्व्हरनेसहून सुरू होऊन उत्तरेला वळसा घालणारा ५१६ मैलांचा टूरिस्ट रूट जाहीर झाला, तेव्हापासून उन्हाळ्यात ह्याच रस्त्यांवर मोठमोठ्या कॅम्पर व्हॅन्स, आणि व्हिजिटला लागणारा वेळ दीडपट झाला. टुरिझमने गावाला पैसा दिला हे खरं, पण ॲम्ब्युलन्सला वाट मिळत नाही तेव्हा जीव खाली-वर होतो.

एक व्हिजिट जरा तपशिलात सांगतो, ओळख पटू नये म्हणून गोष्टी बदलल्यात. ऐंशीच्या पुढच्या बाई, समुद्राच्या कडेला घर, नवऱ्याला डिमेन्शिया. खोकला, ताप, धाप. न्यूमोनियात घरी बसून ठरवायला एक साधा स्कोअर आहे, सीआरबी-६५, त्यात गोंधळलेपण आहे का, श्वास मिनिटाला तीस किंवा जास्त आहे का, बीपी पडलंय का आणि वय पासष्ट किंवा पुढे आहे का, प्रत्येकाला एक मार्क. वयाचा एक मार्क मिळालेलाच होता. श्वास अठ्ठावीस. बीपी ठीक. आता प्रश्न गोंधळलेपणाचा. त्यांनी मला वार चुकीचा सांगितला. नवखा डॉक्टर तिथे दुसरा मार्क देईल, दोन झाले, हॉस्पिटलचा विचार करा. पण मी त्यांना कित्येक वर्षं ओळखतो, वार त्यांना रिटायर झाल्यापासून कधीच माहीत नसतो, पण कोंबड्या किती, त्यातली कुठली अंडी घालत नाही, हे त्या पाठ सांगतात. मी कोंबड्यांचं विचारलं. बरोबर सांगितलं. आणि मी त्यांची छाती आधीही ऐकलेली, डाव्या बाजूला खाली कायमची खरखर आहे हे माहीत, नवीन आवाज फक्त उजवीकडे. ऑक्सिजन मोजला, ठीक. ॲमॉक्सिसिलिन सुरू केलं, नर्सला सकाळ-संध्याकाळ जायला सांगितलं, रात्री घरी जाताना मी स्वतः पुन्हा डोकावलो, आणि शेजारच्या क्रॉफ्टवरच्या माणसाला सांगितलं की दिवा दिसला नाही तर मला फोन कर. आठवड्याने बाई अंगणात. त्यांना पाठवलं असतं तर नवऱ्याला त्याच दिवशी कुठेतरी केअर होममधे हलवावं लागलं असतं, आणि डिमेन्शियाचा माणूस घरातून एकदा हलला की पुष्कळदा परत येत नाही.

हे मी बढाई म्हणून लिहीत नाहीये. हे त्या ओळखीचं फळ आहे, आणि ओळख ही सुद्धा औषधासारखीच मोजता येते. नॉर्वेत सगळ्या देशाच्या रजिस्टरवरून एक अभ्यास झाला, २०२२मधे छापून आला, पंचेचाळीस लाख लोकांचा. एकच जीपी पंधरा वर्षांपेक्षा जास्त असलेल्या लोकांत, नुकताच जीपी बदललेल्यांच्या तुलनेत, तातडीने ॲडमिट होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी कमी आणि मृत्यूचं साधारण २५ टक्क्यांनी कमी. तुमची मुलगी दोन वर्षांत निघून येणार असेल तर तिला खेड्यातल्या कामाचे कष्ट सगळे मिळतील आणि ह्यातला फायदा ना तिला मिळेल ना गावाला. जायचंच तर राहायच्या तयारीने जावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

इमर्जन्सीचं. हार्ट अटॅकमधे वेळ म्हणजे जीव, आणि आमच्याकडे रस्त्यातच वेळ जातो. १९९२मधे ॲबर्डीनजवळच्या ग्रॅम्पियन भागात खेड्यातल्या जीपींनीच एक ट्रायल केली, ३११ पेशंट, रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन घरीच द्यायचं का हॉस्पिटलमधे पोचल्यावर. घरी दिलेल्यांना दुखायला लागल्यापासून साधारण १०१ मिनिटांत मिळालं, हॉस्पिटलवाल्यांना २४० मिनिटांत, आणि तीन महिन्यांनी मृत्यू जवळजवळ निम्मे. ते वाचलं तेव्हा आमच्यासारख्यांना केवढा धीर आला होता! आता औषध बदललं, टेनेक्टेप्लेज, वजनावर एकच डोस, पण तत्त्व तेच. आणि मुलीने बेसिक्स स्कॉटलंडचा कोर्स करावाच, अपघात आणि इमर्जन्सीसाठी ते खेड्यातल्या डॉक्टर-नर्सना तयार करतात, आणि सँडपायपर ट्रस्ट नावाची संस्था सामानाने भरलेली बॅग देते, श्वासनलिकेचं सामान, सलाईन, स्प्लिंट, सगळं जागच्या जागी. ती बॅग गाडीच्या डिकीत असते. फोनवर ग्लासगोचे रिट्रीव्हल सर्व्हिसचे (गंभीर पेशंटला मोठ्या हॉस्पिटलात नेणारी सेवा) कन्सल्टंट असतात, ते ऐकतात, सल्ला देतात, वेळ पडली तर हेलिकॉप्टरने येतात, धुकं नसेल तर. धुकं असेल तर तुम्ही आणि पेशंट, आणि फोनवरचा तो आवाज. ही रात्र कधी ना कधी येतेच, खोटं सांगणार नाही.

रोजची रात्र मात्र आता पूर्वीसारखी नाही. जीपींच्या २००४च्या सरकारी करारापर्यंत रात्रीचा फोन आमच्या घरीच वाजायचा, मी बाहेर असलो की आमची ही फोन घ्यायची, आणि कितीतरी जणांना तिने मी येईपर्यंत फोनवर धीर दिलाय, एका पैशाचा पगार नाही. सगळ्या गावांतल्या डॉक्टरांच्या बायकांनी हे केलं आणि कुठल्या कागदावर त्याची नोंद नाही. २००४नंतर जीपींना रात्र-शनिवार-रविवार सोडता आले, आता लोक एनएचएसच्या १११ नंबरला फोन करतात. पण काही बेटांवर आणि टोकाच्या गावांत अजूनही रात्र डॉक्टरकडेच असते, म्हणून मुलीने हे लेखी विचारून घ्यावं.

ह्या सगळ्या व्यवस्थेमागे एक इतिहास आहे तो तिला माहीत असावा. १९१२मधे सर जॉन ड्युअर यांच्या कमिटीने हायलंड्समधल्या डॉक्टरकीचा अहवाल दिला, गरिबी, पसरलेली वस्ती, डॉक्टरला पोट भरता येत नाही, कितीतरी मृत्यू डॉक्टरने न बघताच नोंदवलेले. त्यातून १९१३मधे हायलंड्स अँड आयलंड्स मेडिकल सर्व्हिस निघाली, सरकारी पैशाने, डॉक्टरला किमान उत्पन्न आणि प्रवासखर्च. एनएचएस आली १९४८ला, म्हणजे आमच्या ह्या डोंगरात पस्तीस वर्षं आधी तसला प्रयोग चालू होता. त्या कमिटीपुढे साक्ष दिलेले एक डॉक्टर लाखलन ग्रँट, हायलंड्समधल्याच बॅलाखुलिश गावचे. तिथल्या पाटीच्या दगडाच्या खाणीच्या कंपनीने १९०२मधे त्यांना काढून टाकलं तर खाणकामगार त्यांच्या बाजूने उभे राहिले, दीडेक वर्ष खाण बंद राहिली. डॉक्टरसाठी गावाने मजुरी सोडली! मला हे आठवलं की अजून भरून येतं.

मरण. ह्याबद्दल आई म्हणून तुम्हाला वाईट वाटेल पण खेड्यातल्या डॉक्टरचं हे मोठं काम आहे. लोकांना घरी, आपल्या खिडकीतून समुद्र दिसत असताना जायचं असतं. त्यासाठी आधीच घरात एक पेटी ठेवतात, जस्ट इन केस म्हणतात तिला, त्यात मॉर्फिन, मिडॅझोलॅम, मळमळीचं, घशातल्या घरघरीचं, अशी इंजेक्शनं, म्हणजे रात्री दोनला नर्स पोचली की औषधासाठी कुठे धावायला नको. पेटी वेळेवर ठेवणं हीच खरी हुशारी. बर्फ पडायच्या आधी. हवामान बघून मी अशा कितीतरी पेट्या दोन दिवस आधी पोचवल्यात. आणि नंतर घरच्यांबरोबर स्वयंपाकघरात बसायचं, चहा घ्यायचा, घाई करायची नाही.

कठीण गोष्टी सांगतो. पहिली म्हणजे डॉक्टर कधीच सुट्टीवर नसतो. दुकानात ब्रेड घेताना मागे तोच माणूस ज्याला परवा कॅन्सर सांगितला. आणि तुम्हाला गावातलं सगळं माहीत असतं आणि तोंडावर काही दाखवता येत नाही, कोणाला गर्भ राहिला, कोण पितो. दारू हा इथला मोठा प्रश्न आहे. २०१८पासून सरकारने दारूच्या प्रत्येक युनिटला (दहा मिली शुद्ध अल्कोहोल) किमान किंमत लावली, पन्नास पेन्स, २०२४मधे ती पासष्ट केली, मी त्याच्या बाजूचा आहे. दुसरी गोष्ट बंदुका. शेतकरी, गेमकीपर (इस्टेटीवरची शिकार सांभाळणारे), सगळ्यांकडे लायसन्सची बंदूक. डिप्रेशनचा पेशंट समोर असला की पहिला प्रश्न हाच, बंदूक कुठे आहे, कपाटाची किल्ली कोणाकडे. हा प्रश्न विचारायला लाजायचं नाही आणि गरज वाटली तर पोलिसांना कळवायचं, मग तो माणूस आपला शेजारी का असेना. तिसरी, एकटेपणा. हिवाळा लांब असतो, व्हिटॅमिन डी घ्यायला सांगा, आणि महिन्यातून एकदा तरी ग्लासगो किंवा इन्व्हरनेस, आपली माणसं, आपली भाषा. आम्ही ज्वारीचं पीठ ग्लासगोहून आणतो, आणि भाकरी गावातल्या निम्म्या लोकांनी खाल्लीये.

म्हातारपणी काय बदलतं तेही विचारलंत. रात्रीची गाडी मी सोडली, समोरून हरीण आलं की आता पाय ब्रेकवर वेळेत जात नाही. हेलिकॉप्टरवाली कामं तरुणांकडे. दरवर्षी अप्रेझल (कामाचा आढावा) आणि पाच वर्षांनी रिव्हॅलिडेशन (प्रॅक्टिसची परवानगी चालू ठेवायची तपासणी) इथे सगळ्यांनाच, वयाची सूट नाही आणि नसावीच. पण म्हाताऱ्या डॉक्टरकडे एक गोष्ट असते, तीन पिढ्यांची आठवण. नातवाच्या धापेत मला आजोबांचा दमा दिसतो. ही आठवण कॉम्प्युटरच्या रेकॉर्डमधे नाहीये. म्हणून त्या रिटायर होणाऱ्या डॉक्टरांना मुलीने गाठावं, निदान दोन-तीन महिने त्यांच्याबरोबर गाडीत फिरावं, प्रत्येक घराबाहेर थांबून त्या घराबद्दल विचारावं. आम्हाला सांगायला आवडतं आणि विचारणारं कोणी मिळत नाही.

इंटरव्ह्यूत तिने विचारायच्या गोष्टी: रात्र कोणाकडे, रजेला लोकम (बदली डॉक्टर) कोण देणार आणि त्याचे पैसे कोण भरणार, राहायला घर मिळणार का (हायलंड्समधे भाड्याचं घर मिळणं डॉक्टरच्या पगारातही अवघड झालंय, बरीच घरं टुरिस्टना दिली जातात), सोबत दुसरा डॉक्टर आहे का, ट्रेनिंगला जायला दिवस मिळतील का. एकटीच डॉक्टर असलेल्या जागेवर सुरुवातीलाच जाऊ नये. आधी एका वर्षाची रूरल फेलोशिप असते ती करावी, दोन-तीन डॉक्टर असलेल्या प्रॅक्टिसमधे शिकावं. आणि फेब्रुवारीत जाऊन बघून यावं. जूनमधे रात्री अकरापर्यंत उजेड असतो, तेव्हा ते गाव कोणालाही आवडतं.